आधी खोटं निघायचं

आमच्या वठारातल्या आक्कांमुळे आम्ही समुद्र बघितला, हे आधी लिहून ठेवतो. काय झालं ते मागाहून सांगेन. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. लिहिता लिहिता गाडी कुठं वळेल सांगता येत नाही, म्हणून आभार आधी.

वठार म्हणजे एका अंगणाभोवती भाड्याच्या अकरा खोल्या. बेळगावात उद्यमबागेच्या मागं आमचं वठार आहे. मी मूळचा हिंगोलीकडचा, इथं एका फौंड्रीत कास्टिंग घासतो. आक्का कोपऱ्यातल्या खोलीत राहायच्या. एका शाळेत त्यांनी आयाबाई म्हणून उभा जन्म काढला, आणि शाळेची एकही सहल त्यांच्याशिवाय गेली नाही. नोकरी संपली तरी पदराचा शेव कंबरेला खोचलेलाच असायचा. कुणी नुसतं 'जाऊन येतो' म्हटलं, की त्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या विचारायच्या, "पोरं संगट हायत काय?" हायत म्हटलं, की त्या माणसाची अर्ध्या तासाची सुटका नाही. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर तुमची पोरं बसमध्ये ओकत असतील.

मी मुळात भित्रा. बायकोनं पोरांना समुद्र दाखवायचं कबूल केलेलं, आणि मी तीन उन्हाळे ते मोडलेलं. एकदा तापाचं कारण, एकदा ओव्हरटाइमचं, एकदा तर सरळ खोटं बोललो की समुद्राला उधाण आलंय. खरी भीती वेगळी होती. स्टँडवर धाकटीचा हात सुटला तर? इथली अर्धी माणसं कानडी बोलणार, मला त्यातलं 'ऊटा' आणि 'बेडा' एवढंच येतं. जेवण आणि नको. तेवढ्यावर हरवलेलं पोर शोधता येत नाही.

यंदा मे महिना लागला आणि थोरल्यानं समुद्राचं विचारलंच नाही. नऊ वर्षांचं पोर, त्यानं आपलं आपण ठरवून टाकलं होतं की पप्पा नेत नसतात. ते मला फार लागलं. मी उठून आक्कांच्या दारात गेलो आणि म्हणालो, मालवणला जायचंय, पण भीती वाटते.

आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "आधी खोटं निघायचं रं बाबा. मग खरं."

खोटं निघायचं म्हणजे काय, ते शनिवारी संध्याकाळी कळलं. सगळं सामान भरायचं, खोलीला कुलूप लावायचं, चौघांनी पिशव्या घेऊन कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत चालायचं, तिथं पंधरा मिनिटं बसायचं आणि परत यायचं. आम्ही गेलो. वाटेत मोठ्या बॅगेची चेन उसवली. थांब्यावर धाकटीला तहान लागली, तेव्हा समजलं की पाणी घरात राहिलंय. दोन बस थांबल्या, आम्ही चढत नाही म्हणून कंडक्टर आमच्याकडे बघून गेले. परत आलो तर सगळं वठार अंगणात उभं. शेजारचे अण्णा, म्हणजे आमच्याच फौंड्रीतले सुपरवायझर, गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आलासा काय? गर्दी हुती काय समुद्रावर?"

आक्कांना हसू आलं नाही. त्यांनी बॅग मागितली आणि अर्धी रिकामी केली.

मग पुढचे चार दिवस शिकवणी. उलटी हा शब्द घरात काढायचा नाही, तो ऐकला की पोरांना घाट आठवतो. प्लास्टिकच्या पिशवीला पार्सल म्हणायचं. घाटाआधी कोरडे चिरमुरे आणि चघळायला आमसूल, दुसरं काही नाही. खाऊ एकदम दाखवायचा नाही, गाव आल्यावर एकेक काढायचा: हत्तरगीला एक, संकेश्वरला एक, निपाणीला एक. "आजून किती लांब म्हणून इचारलं तर तास सांगू नगंस," त्या म्हणाल्या, "पूल सांग. तासाला पोरं भांडत्यात, पूल मोजत्यात." आणि प्रत्येक पोराला एक काम द्यायचं, दिलं की त्यात आपण हात घालायचा नाही. धाकटीला चिरमुऱ्याची पिशवी मिळाली. थोरला शाळेत कानडी शिकतो, त्याला बसच्या पाट्या वाचायचं काम.

सगळ्यात अवघड धडा हरवण्याचा होता. आक्कांचं म्हणणं, स्टँडवर आई म्हणून ओरडलं तर दहा बायका वळतात आणि पप्पा म्हणून ओरडलं तर कुणीच वळत नाही. म्हणून जिथं आहे तिथंच बूड टेकायचं आणि बापाचं पूर्ण नाव घेऊन बोंबलायचं. त्याची तालीम अंगणात झाली. पोरांना काय, दिवाळीच. "बालाजी मारोती ढाकरे" अशी आरोळी सकाळ-संध्याकाळ उठायला लागली. तिसऱ्या दिवशी अण्णांची पोरंही त्यात सामील झाली. मी डबा घेऊन कामावर निघालो की चार खोल्यांतून माझं नाव यायचं.

आक्का मग बायकोकडे वळल्या. तू पण घे म्हणाल्या. बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात, तेही लग्नात बायकांनी दार अडवल्यावर. दहा वर्षांत तिनं मला 'अहो' आणि 'ऐकलं का' यावर चालवलंय. ती आतून म्हणाली, "आक्का, मरू द्या, मला नाही जमायचं."

आक्का म्हणाल्या, "उखाणा जुळंस्तवर बस थांबतीया व्हय गं?"

पण नाव काही निघालं नाही. आक्का एवढंच म्हणाल्या, बघू.

गुरुवारी सकाळी खरे निघालो. निपाणीपर्यंत सगळं आक्कांच्या शिकवणीप्रमाणं. पार्सल कोरडं, पूल मोजून झालेले, खाऊ गावागणिक. निपाणीला उतरून फोंडा घाटातून कोकणात जाणारी बस धरायची होती. स्टँडवर ही गर्दी. मला वाटलं, आता जागा मिळाली नाही तर घाटभर उभं राहावं लागणार. एक लाल बस आत वळली, माणसं धावली, आणि माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. बायको-पोरांना सामानाजवळ उभं करून मी धावत सुटलो. थोरला मागून ओरडत होता, पप्पा थांबा, पाटी वाचू द्या. मी खिडकीतून टॉवेल टाकला, कोपरं मारत आत घुसलो आणि तीन जणांची अख्खी सीट धरली. आयुष्यात एवढा पराक्रम मी केला नव्हता.

बायको-पोरांना हाक मारावी म्हणून खिडकीत वाकलो, तर बस हलली.

दार माणसांनी गच्च भरलेलं. मी थांबा, थांबा म्हणतोय, तोवर कंडक्टरच माझ्यापाशी आले आणि "येल्लिगे?" म्हणाले. कुठं जायचं, एवढं कळलं. मी म्हणालो, मालवण. त्यांनी तिकिटाचं यंत्र खाली केलं. मग मराठीत, अगदी मायेनं म्हणाले, "ही चिकोडीला चाललीया, पावणं."

फोन बायकोच्या पिशवीत. पाकीट माझ्या खिशात. तीन वर्षं ज्या भीतीनं घरात बसलो, ती खरी झाली, फक्त हरवलो मी होतो.

आणि तेवढ्यात मागून आलं. "बालाजी मारोती ढाकरे!" थोरल्याचा आवाज, त्यात धाकटीचा. बस फाटकाकडे सरकतच होती. मग तिसरा आवाज आला, त्या दोघांच्या वरचा, चिरका, मी कधीच न ऐकलेला. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि शेवटी "उतरा की हो!"

कंडक्टरनी दोरी ओढली. दारातली माणसं हसत हसत बाजूला झाली, "बालाजीला वाट द्या" म्हणत मला एकमेकांकडे ढकलत त्यांनी खाली उतरवलं. टॉवेल तसाच चिकोडीला गेला.

तिघंही होती तिथंच होती. पोरं बॅगेवर बूड टेकून बसलेली. बायको उभी, घामानं डबडबलेली, आणि सगळा स्टँड तिच्याकडे बघतोय याचं तिला भान नाही. धाकटीनं कंबरेवर हात ठेवले. "पप्पा, हरवलं की पळायचं नसतं," ती म्हणाली, "खाली बसायचं असतं." मी तिथंच खाली बसलो.

पुढची बस आली तिच्या पाटीवर मराठीत लिहिलेलं होतं, मला लांबूनच दिसत होतं. तरी मी गप्प राहिलो. थोरल्यानं जवळ जाऊन वाचलं, ड्रायव्हरला विचारून खात्री केली आणि मग मान हलवली. तेव्हा आम्ही चढलो. मालवणात दोन दिवस राहिलो. थोरला पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हता. परतीच्या बसमध्ये त्यानं विचारलं, पुढच्या मेमध्ये कुठं?

परत आल्यावर आक्कांना सगळं सांगितलं. कंडक्टरच्या 'पावणं'पाशी त्या एवढ्या हसल्या की ठसका लागला. बायकोला जवळ ओढून तिची पाठ थोपटली.

मी सहज विचारलं, आक्का, एवढ्या सहली केल्या, तुम्हाला कुठलं ठिकाण आवडलं?

"इजापूरला किती येळा गेलतो, मोजमाप न्हाय," म्हणाल्या. "गोलघुमट आतनं बघितलाच न्हाय. पोरं वर जायाची, मी पायरीवर चपला राखत बसायची. येकाची हरवली की लई रडारड."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. शेंगा सोलत सांगितलं.

पावसाळ्यात त्यांचे गुडघे फारच धरले, मुलगी येऊन त्यांना खानापूरला घेऊन गेली. निघताना मला म्हणाल्या, भिऊ नगंस. कोपऱ्यातल्या खोलीत आता एक कॉलेजची पोरगी राहते. ती कुठं जाते-येते ते कुणी विचारत नाही.

आक्का, तुमचे गुडघे जरा बरे होऊ देत. एक दिवस मी खानापूरला येणार आणि तुम्हाला विजापूरला नेणार. तुम्ही नातवंडांचे हात धरून आत जायचं, वर बघायचं, मान दुखेपर्यंत बघायचं. मी पायरीवर बसतो, चपला राखायला.