दोन्ही बाजूंना चार बोटं

मंगळवार पेठेत अजूनही कुणी भेटलं की विचारतं, "मेस्त्री, ती जुनी अँबॅसिडर सरळ कशी केलासा?" मी रंगवून सांगतो. एवढंच सांगत नाही, की ती वाकडी कुणी केली होती. चाळीस वर्षं टाळलं. आता चौऱ्याहत्तर पूर्ण झाली, लिहून टाकतो. वाकडी मीच केली होती.

गाडी आजऱ्याच्या एका काजू कारखानदाराची. मालक राहायला कोल्हापुरात, आठवड्यातून दोनदा आजऱ्याला जायचे. ड्रायव्हर माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. मालक भिजले तर चालतील, पण गाडी भिजता कामा नये, असं आम्ही त्याला चिडवायचो.

या गाडीला पुढे स्प्रिंग नसते. दोन्ही बाजूंना एकेक लांब पोलादी दांडा असतो, तो पीळ खातो आणि वजन पेलतो. दांड्याच्या मागच्या टोकाला एक लिव्हर असतो. गाडी पुढून किती उंच राहणार, ते तो ठरवतो. डावा आणि उजवा लिव्हर जुळ्या भावांसारखे दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

माझी एक सवय होती. गॅरेजच्या खड्ड्यात उतरायचं, समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताला येईल त्या लिव्हरवर पंचने एक टिंब मारायचं, डाव्या हाताच्या लिव्हरवर दोन. बसवताना तसंच बघून बसवायचं. गाड्या नेहमी भिंतीकडे तोंड करूनच आत येत, म्हणून कधी चुकलं नाही. ही गाडी मात्र सेल्फ बिघडल्यामुळे ढकलत आणली होती, आणि बोळाच्या उतारावरून उलटीच आत आली. पुढच्या चाकांचं काम होतं, म्हणून मी लिव्हर काढले, टिंबं मारली. मधेच एक जीप आली म्हणून गाडी बाहेर काढली. पुन्हा आत घेतली ती सरळ. मी हाताप्रमाणे लिव्हर बसवले आणि चहाला गेलो.

गाडी खाली उतरवली तर ड्रायव्हर साइड दोन बोटं खाली. बोल्ट आवळत गेलो, आटे संपले, गाडी काही उचलेना. अशा वेळी मेस्त्रीनं गुमान सगळं परत उघडायचं असतं. मला ते कळत होतं. पण बाहेर तीन गाड्या उभ्या होत्या, आणि माझ्या कामात चूक निघते हे मला कुणाला दाखवायचं नव्हतं. "चालवून बसंल," मी ड्रायव्हरला म्हणालो.

तो आजऱ्याला जाऊन आला. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आले. गॅरेजात चार माणसं उभी.

"मेस्त्री, गाडी लंगडती का?"

"चेसीला मार बसलाय," माझ्या तोंडून निघून गेलं. "आजऱ्याच्या वाटंवर कुठंतरी आपटली असणार."

ड्रायव्हर पुढे आला. "आईशपथ, कुठं लागलेली न्हाय ओ! नेताना बी कललीच हुती की!"

"मग मी खोटं बोलतोय व्हय?"

माझा आवाज मोठा होता, आणि पेठेत माझा शब्द चालायचा. त्याची नोकरी गेली. लोक त्याला 'आपट्या' म्हणू लागले. पुढे त्याच्या हातात कुणी गाडी दिली नाही, सख्ख्या मेहुण्यानंसुद्धा. शेवटी तो जोतिबाला सासऱ्याच्या गुलाल-खोबऱ्याच्या दुकानात जाऊन बसला.

पुढे मालक वारले. गाडी शेडमध्ये पडून राहिली. दोन वर्षांपूर्वी त्यांची नात माझं घर शोधत आली.

"आजोबा, चेसी वाकलीय म्हणतात. भंगारात द्यायच्या आधी एकदा बघता?"

गुडघ्यांनी नको म्हणायच्या आत मी हो म्हणून बसलो.

माझ्या गॅरेजात आता टायरचं दुकान आहे, खड्डा मात्र तोच. दुकानदार म्हणाला, "आजोबा, उतरताय खरं, वर कोण काढणार?"

"तुझा जॅक हाय की. लाव खाली."

आधी सुतळी घेऊन चेसी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून तिरकी मापली. तसूभर फरक नाही. मग ड्रायव्हर साइडचा लिव्हर पुसला. एक टिंब, माझंच. पद्धतीप्रमाणे अगदी बरोबर. डिझेल लावून आणखी घासलं, तेव्हा चाळीस वर्षांच्या मळाखालून कारखान्याचं ओतीव अक्षर वर आलं. टिंब म्हणत होतं उजवा, अक्षर म्हणत होतं डावा. त्या क्षणी गाडी उलटी आत आल्याचं मला आठवलं, बोळाच्या उतारासकट.

गंजलेले लिव्हर सोडवायला तीन दिवस लागले. ज्याचा त्याला बसवला, बोल्ट आवळला. आटे अर्धेसुद्धा संपले नाहीत. गाडी खाली घेतली, थोडी पुढेमागे ढकलली, बॉनेट दाबून सोडलं. मडगार्ड आणि टायर यांच्या मधे हात घातला. चार बोटं. पलीकडे गेलो. चार बोटं!

नातीनंही हात घातला. "आजोबा, माझी पाच येतात."

"दोन्हीकडं पाच?"

"दोन्हीकडं."

"मग झालं की!" मी असा ओरडलो, की समोरचा चहावाला गाळणी हातात घेऊनच धावत आला.

ती म्हणाली, इंजिन-ब्रेकचं काम झालं की आजऱ्याला जाऊ. मी म्हणालो, आधी जोतिबा. डोंगराच्या वळणांवर गाडी अशी चालली, की मी खिडकीबाहेर हात काढून दारावर थाप मारत होतो.

ड्रायव्हर दुकानातच होता. केस पांढरे झालेले. माझ्याकडे बघितलंच नाही. गाडीसमोर रस्त्यात उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून बघत राहिला.

"चेसी?"

"चेसी सरळच हुती," मी म्हणालो. "लिव्हर उलटं बसलं हुतं."

तो उठला आणि दुकानांच्या रांगेकडे तोंड करून ओरडला, "ऐकलासा काय? लागलेली नव्हती! मी आपटली नव्हती!" बायकोला मागच्या सीटवर बसवून त्यानं दोन चकरा मारल्या. एकाही गिअरचा आवाज झाला नाही. परत आल्यावर त्यानं बॉनेटवर मूठभर गुलाल उधळला. मग माझ्यापुढे आला आणि हळू विचारलं, "मेस्त्री, बसवलं कुणी हुतं?"

त्याला माहीत होतं. काम कुणाच्या गॅरेजात झालं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तो वाट बघत होता.

"जुनं काम," मी म्हणालो. "कोण सांगणार."

"व्हय," तो म्हणाला. "जुनं काम." आणि त्यानं माझ्या कपाळाला गुलाल लावला.

गेल्या वर्षी तो गेला. भेटायला गेलो तर त्याची बायको म्हणाली, "मेस्त्री, तुम्ही नाव धुतलासा आमचं." तिनं दिलेलं खोबरं मी हात पुढे करून घेतलं.

बसवलं कुणी हुतं? मी, गड्या. मीच बसवलं हुतं, आणि बोल्टाचं आटं संपलं तवाच माझं काम चुकलंय हे मला कळलं हुतं. माझं चुकलं.