ओला अंगठा

काल बँकेच्या रांगेत पुढच्या गृहस्थांनी प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला. तो उग्र वास नाकात शिरताच मी हिंदी मुलखातल्या जुनवानीच्या त्या कॉलेजात जाऊन पोहोचले, जिथे चाळिशी उलटल्यावर मी डिझाइनच्या पहिल्या वर्षाला बसले होते.

त्या दिवशी रेखाटनाची परीक्षा होती. घरची एखादी वस्तू समोर ठेवून काढायची होती. मी दिवंगत बाबांचे प्लांटमधले हेल्मेट नेले होते, आणि आयुष्यात प्रथमच माझ्या हातून काहीतरी हुबेहूब उतरले होते. सर मागे येऊन उभे राहिले. "छाया कमज़ोर है," असे म्हणत त्यांनी खर्ऱ्याने भरलेल्या तोंडात अंगठा घातला आणि तो ओला अंगठा माझ्या कोळशाच्या रेषांवर फिरवला. हेल्मेटच्या कडेला तपकिरी, चिकट ओल पसरली. मी कोळसा खाली ठेवला.

शेजारची मराठी मुलगी कुजबुजली, "काकू, तोंड कावून पाडून राहिल्या? सरनं हात लावला म्हणजे नंबर पक्के. मी तं कवाची वाट पाहून राहिली."

तिचे खरेच होते. वर्गात मी कधी बोलत नसे, तरी उठले. "सर, प्लीज़, दूसरा कागज़ दीजिए."

उरलेल्या वेळात हेल्मेटची केवळ बाह्यरेषा झाली आणि मी जेमतेम उत्तीर्ण झाले. तेव्हा मला माझ्या नाजूकपणाची लाज वाटली होती. काल रांगेत मात्र त्या ओल्या अंगठ्यापुढे विनवणाऱ्या माझ्या 'प्लीज़'चीच किळस आली.