शून्य नंबरचा चष्मा

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी डब्याच्या पोळ्या करत होते. त्यांचा मुलगा श्रीकांत एवढंच म्हणाला, "ताई, आई गेली. झोपेतच." मी "बरं" म्हणाले आणि पुन्हा लाटायला लागले. सगळी कणीक संपल्यावर लक्षात आलं, एकही पोळी भाजलेली नव्हती... त्याला आता दीड महिना होईल.

सुमनबाई दिंडोरीला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. उंच, खणखणीत आवाजाच्या आणि चांगल्याच फटकळ. आकृती बिघडली की "हे हृदय आहे की वांगं?" असं भर वर्गात विचारायच्या. आम्ही सगळ्या त्यांना टरकून असायचो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी नववीत होते आणि माझं डोकं दुखत होतं.

डोकं दुखतं, एवढंच मला सांगता यायचं. खरं तर झोप उडाली होती, जेवण नकोसं झालं होतं आणि सकाळी जाग आली की वाटायचं, आपण नसतो तर बरं झालं असतं. घरी सगळं ठीक होतं. वडिलांची द्राक्षबाग जोरात होती, मारणारं-बोलणारं कोणी नव्हतं. मग तक्रार तरी कशाची करणार? शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी व्हायची. वजन, दात, डोळे झाले की डॉक्टर घाईघाईनं "काही त्रास?" असं विचारायचे. जी मुलगी "डोकं दुखतं" म्हणेल तिला चष्मा. त्या वर्षी वर्गात आम्हा बऱ्याच जणींच्या नाकावर चष्मे आले, आणि आम्ही हुशार दिसायला लागलो असं मुलं चिडवायची.

एकदा प्रयोगशाळेत बाईंनी माझा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि खिडकीबाहेर पाहिलं. "अगं, ही तर तावदानाची काच आहे! याला नंबर कुठाय?"

"शून्य नंबर आहे, बाई," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी मला थांबवून घेतलं, पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा टेबलावर ओतल्या आणि मला सोलायला बसवलं. स्वतःही सोलू लागल्या. "डोकं दुखतं म्हणजे नक्की काय होतं गं?" एवढं विचारून त्या गप्प बसल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेंगा संपत आल्या तेव्हा मी बोलले... आणि बोलता बोलता रडले. त्यांनी टरफलं गोळा केली आणि संध्याकाळी आमच्या घरी आल्या.

"डोळ्याचंच हाय ना, बाई? दुसरं काय नाय ना?" वडिलांनी तीनतीनदा विचारलं.

"नाशिकला नंबर नीट काढून आणते," बाई म्हणाल्या.

शालिमारजवळच्या एका इमारतीत खाली चष्म्यांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर मनाच्या आजारांचे डॉक्टर बसायचे. वेड्यांचे डॉक्टर म्हणायचे त्यांना लोक. आई सोबत आली होती. माझी आई सातवी शिकलेली. जिन्यापाशी तिनं पाटी वाचली. आधी दुकानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाई हळूच म्हणाल्या, "परत जायचं असेल तर आत्ता बस मिळेल." आईनं पदर डोक्यावर ओढला. "चला वर. पोर माझी हाय, गावाची नाय." घरी गेल्यावर तिनं वडिलांना सांगितलं, "नंबर चुकला व्हता. आता महिन्याच्या महिन्याला दाखवाया जायाचं."

कधी आई, कधी बाई, असं वर्षभर मला एसटीनं नेलं. गोळ्या चालू होत्या, डॉक्टर बोलायचे, मी थोडं थोडं बोलायला शिकले. एका दुपारी मी आपणहून भाकरी मागितली तेव्हा आई चुलीकडे तोंड करून रडली. चष्मा मी बाईंना देऊन टाकला. त्यांनी तो प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला. पुढे कोणी "डोकं दुखतं" म्हणालं की बाई तो तिच्या नाकावर चढवायच्या. "वेगळं काही दिसतं? नाही ना? मग बस, शेंगा सोल." जिला गरज असेल तिच्यासाठी घरच्यांशी भांडायच्या. शाळेत "नंबर काढायला जायचंय" याचा अर्थ मुलींना कळायचा, आणि त्यावर कोणी हसायचं नाही. "चांगल्या पोरींना कशाला वेडं ठरवता?" असं मुख्याध्यापक म्हणाले तेव्हा बाईंनी त्यांच्याही नाकावर चष्मा ठेवला म्हणतात. मला ते खरं वाटतं.

लग्नानंतर मी नाशिकला आले. बाई फोन करायच्या. माझा आवाज जरा उतरलेला वाटला की लगेच, "काय गं, नंबर काढायला जायचं का?" मी हसायचे, कधी खरंच जायचे. निवृत्तीनंतर एकदा त्यांच्या शाळेत मुलींना मनाच्या तब्येतीबद्दल छापील प्रश्न विचारायला काही मंडळी आली होती. बाई मुद्दाम बघायला गेल्या. खूश होत्या, तरी कुरकुर होतीच. "प्रश्न बरोबर आहेत गं त्यांचे. पण उत्तर यायच्या आत पुढचा विचारतात."

श्रीकांतनं दहाव्यानंतर तो चष्मा माझ्या हातात दिला. तेव्हापासून फोन वाजला की मी अजून धावते... आणि कोणीतरी दुसरंच असतं. बाईंची फार फार आठवण येते. त्यांच्यासारखं आता मला कोण विचारणार, हा स्वार्थी विचारही येतो.

परवा माझं डोकं दुखायला लागलं. आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला असेल. तपासून घे."

"गेल्याच महिन्यात तपासला. तोच आहे."

ते परत पेपरात शिरतील असं मला वाटलं. पण त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "मग नक्की काय होतंय?"

मी स्वयंपाकघरातून शेंगांचा डबा आणला आणि त्यांच्यापुढे ओतला.

"सोला," म्हटलं. "सांगते."