हाऊबागच्या कमानी आणि ताईची मुलाखत

नागपूरहून जबलपूरला दोन वाटांनी जाता येतं. एक इटारसीवरून, मोठ्या गाडीनं. दुसरी गोंदियाला गाडी बदलून, सातपुड्यातून रांगत जाणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या छोट्या गाडीनं. घाईचं काम असेल तर पहिली धरावी. आमचं काम घाईचंच होतं, तरी मी दुसरी धरली आणि ताईलाही धरायला लावली.

काम ताईचं होतं. तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. जबलपूरच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंग शाळेत जागा मिळाली तर शिकून नोकरी, नाहीतर उन्हाळ्यानंतर सासरी परत, असं मोठ्यांनी ठरवलं होतं. सासरी परत म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाखत दुपारी बारा वाजता होती. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, आणि छोट्या गाडीचं हाऊबाग स्टेशन मला कित्येक दिवसांपासून पाहायचं होतं. म्हणून म्हटलं, "ताई, या वाटेनं जंगल पाहायला मिळतं." ती बिचारी हो म्हणाली.

पहिला मुक्काम नैनपूर. धर्मशाळा स्वच्छ आहे, पण पांघरूण आपलं न्यावं. पहाटेच्या गाडीत पुरी-भाजी बांधून घ्यावी, पुढं घंसौरला चहाशिवाय काही मिळत नाही. गाडी इतकी सावकाश चालते की चढावर लोक उतरून लघवीला जातात आणि पुन्हा चढतात. जमतऱ्याला नर्मदेचा पूल येतो, तेव्हा अख्खा डबा हात जोडतो. ग्वारीघाटला मात्र गाडीचा नूरच बदलला. दूधवाले, कचेरीतले कारकून, पाटी-दप्तरवाले असे रोजचे लोक भरले आणि ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागी बसले. ताई बायकांच्या डब्यात होती.

साडेदहाला हाऊबाग आलं. शहरातलं शेवटचं स्टेशन म्हणून मी काहीतरी भव्य मनात धरलं होतं. प्रत्यक्षात बसकी, कौलारू इमारत. फलाट जवळजवळ जमिनीलगत, कारण गाडीच ठेंगणी. पण बांधणाऱ्याला ऊन कळलेलं होतं! पश्चिमेची ओसरी खोल, कमानी बुटक्या आणि जाड, छपराच्या कडेला लाकडी झालर, म्हणजे दुपारी बाकावर ऊन येऊच नये. एवढी माया मोठ्या स्टेशनांत मला कधी दिसली नाही.

आम्हाला घ्यायला चेरीतालचे नाना, वडिलांचे जुने स्नेही, येणार होते. ते दिसेनात. ताईला बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसवलं. "नाना येतीलच, तोवर एक चक्कर मारतो," म्हणालो, आणि छत्रीनं कमानी मोजायला लागलो. वही भरत गेली. एका कमानीचा चुना सुटून आतल्या विटा दिसत होत्या, त्यांची रचना उतरवण्यात मी रमलो.

भानावर आलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. वेटिंग रूमच्या दाराशी आया बसली होती.

"वो दीदी? वो तो कब की चली गईं, भैया. ग्वारीघाटवाली मास्टरनीजी के संग."

तेव्हा कुठं डोक्यात लख्ख प्रकाश पडला, नाना का आले नाहीत ते. त्यांना पत्रात मी 'स्टेशनवर या' एवढंच लिहिलं होतं. नागपूरचा पाहुणा इटारसीवरूनच येणार, हे जबलपूरच्या मराठी घरांत गृहीतच असतं. वाचकहो, या शहरात स्टेशनं दोन आहेत. पत्रात नाव लिहा.

टांग्यानं मोठं स्टेशन गाठलं. मुंबईकडून आणि अलाहाबादकडून आलेले रूळ इथंच एकमेकांना भेटले, हे वाचलं होतं, पण त्या दिवशी मला फक्त नाना दिसले, लालबुंद झालेले.

"काहून रे, कुठं होता? मी सकाळपासून उभा आहो इथं! अन् ताई?"

सिव्हिल लाइन्समधल्या शाळेशी पोचलो तर ताई फाटकात उभी. हातात कागद.

"झाली मुलाखत. घेतलं मला," ती म्हणाली. "त्या बाई डब्यात भेटल्या, इथंच शिकवतात. त्या म्हणाल्या, चलो. तू कमानी मोजून राहिला होता. दोनदा हाक मारली मी. मग गेली."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती हसत होती. मला लाज वाटली, आणि आनंदही इतका झाला की नानांनी ओमतीच्या बाजारात खव्याची जिलबी घेतली तेव्हा मी तीन खाल्ल्या.

दोन दिवसांनी ताईला वसतिगृहात सोडून मी परतलो, मोठ्या गाडीनं. घरी आईपुढं वही उघडली. ओसरी दाखवली, झालर दाखवली, पाखरांनी घरटी कुठं केलीत तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अन् सोडून निघाला तेव्हा ताई रडली का रे?"

मी आठवू लागलो. वसतिगृहाच्या दाराची चौकट सागवानी होती, वर अर्धगोल जाळी होती, जाळीत पाच पाकळ्यांचं फूल होतं. ताई त्या दारातच उभी होती.

"माहीत नाही, आई," मी म्हणालो.