देठ नाशिकला, ताप घरीच

आमच्या वडिलांना द्राक्षबागेचं सगळं तपासून लागतं. माती, पाणी, पानांचे देठ, सगळं नाशिकच्या लॅबमध्ये जातं आणि रिपोर्ट आल्याशिवाय खताचं पोतं फुटत नाही. त्याच माणसाला थंडी वाजून ताप यायला लागला, तर म्हणे, "सलाईन लावली की उतरंल." सलाईन झाली, तरी ताप दिवसाआड येतच राहिला. मी नाशिकहून गाडी घेऊन गेले, पण रक्त तपासायला शहरात यायला ते तयार नाहीत. छाटणी चालू, दिवस मोडतो, हेच पालुपद. मी इतकी चिडले, की आई उठून बाहेर पडली आणि गावच्या आशाताईंना घेऊनच परतली.

ताईंनी ओट्यावरच वडिलांच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, त्यावर औषध सोडलं. आमचा चहा पिऊन होईपर्यंत पट्टीवर दुसरी रेघ उमटली.

"मलेरिया हाय. गोळ्या आजच सुरू करू."

मलेरिया ऐकून कुणाला हायसं वाटेल? मला वाटलं. इतके दिवस नुसता ताप होता. आता त्याचं नाव कळलं होतं आणि गोळ्या ताईंच्या पिशवीतच होत्या.

आठवड्यानं फोन केला, तर वडील बागेत. ताप गेला होता. माझा जीव भांड्यात पडला. "काही हवंय का शहरातून?" मी विचारलं.

"बघ ना," ते म्हणाले, "रिपोर्टची वाट बघून लय वैताग येतो. त्या ताईकडं होती तसली पट्टी देठासाठी नाय का मिळत?"