कोठावदे सरांच्या घरचा चहा

प्रा. मुकुंद कोठावदे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सुरतेतल्या आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकासमोर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि 'अनुभव आवश्यक' असं लिहिलेल्या एका नोकरीच्या जाहिरातीकडे रागाने बघत उभी होते. सर शेजारी येऊन म्हणाले, "कितीही डोळे वटारलेस तरी ती बदलायची नाही. रविवारी रिकामी असतेस का?"

सरांना यंदा पंचाहत्तरावं वर्ष लागलं. गौरवग्रंथासाठी लेख लिहायचं मी कबूल केलं आणि त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. "सुनंदा, लिहिणार असशील तर बमरोलीचा चहा लिही. तो गाळून गोडगोड लिहिलंस, तर मला त्या व्यासपीठावर बसायची लाज वाटेल." गौरवग्रंथात लाजेच्या गोष्टी लिहायची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सरांचा शब्द मोडायची सवय मला लागलेली नाही.

कॉलेजातल्या आम्हा मराठी मुलांपैकी बहुतेकांचे वडील खानदेशातून आलेले, पांडेसरा-बमरोलीच्या मिलमध्ये कामाला. माझे वडील कापड रंगवायच्या खात्यात होते. सी.ए.च्या ऑफिसात शिकाऊ म्हणून लागायचं तर ओळख हवी, आणि आमची ओळख मिलच्या फाटकापर्यंतच होती. सरांनी त्यावर साधी तोड काढली. शहरात बालवाड्या होत्या, वाचनालयं होती, भजनी मंडळं होती, महिला मंडळं होती. त्यांचं काम चोख आणि हिशेब पिशवीत कोंबलेला. त्यांना हिशेबनीस परवडत नव्हता आणि आम्हाला अनुभव मिळत नव्हता. सरांनी दोघांची गाठ घालून दिली. दर रविवारी सर सायकलवर पुढे आणि आम्ही पाच-सहा जण मागे, अशी आमची वरात निघायची.

शिकवायला सर गोड नव्हते. डिंडोलीच्या वाचनालयाचा ताळा जमेना, तेव्हा मी उरलेला फरक गुपचूप 'किरकोळ खर्च' या खात्यात ढकलून दिला. सर म्हणाले, "हे किरकोळराव कोण? कुठे राहतात?" मग मला भर उन्हात घरोघर विचारत फिरावं लागलं. शेवटी बाकं दुरुस्त करणाऱ्या सुताराला दिलेली मजुरी लिहायची राहिली होती, असं निघालं. सरांनी त्याचं नाव माझ्याकडून लिहून घेतलं, आणि मगच मला घरी जाऊ दिलं.

सरांचा एक नियम होता. हिशेब लिहायला गेलं की तिथला चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा घरून बाटलीतून न्यायचं. आमच्या चहाचा खर्च बालवाडीच्या मुलांच्या खाऊतून जाऊ नये आणि ज्याचा हिशेब तपासायचा त्याचं मिंधं होऊ नये, अशी त्यामागची दोन कारणं सर सांगत. नियम आम्हाला फार आवडला होता. भजनी मंडळाचे लोक आमचं तोंडभर कौतुक करायचे आणि आम्ही फुशारून बाटलीचं झाकण उघडायचो.

मग आम्ही बमरोलीच्या महिला मंडळात गेलो. ती माझीच वस्ती, बौद्ध कुटुंबांची. मंडळाच्या प्रमुख गयाबाई आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालून, उरलेल्या वेळात त्यांनी बालवाडी उभी केली होती. पहिल्या रविवारी त्यांनी आपल्या घरून, आपल्या साखरेचा चहा करून आणला. सरांनी हात जोडले. "आमचा नियम आहे हो बाई, आम्ही घेत नाही." आणि त्यांनी पिशवीतून बाटली काढली. बाकीच्यांनीही काढली. मीसुद्धा काढली.

गयाबाई ताट घेऊन परत गेल्या. पुढच्या रविवारी चहा आला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच संध्याकाळी नळावर त्यांनी मला गाठलं.

"तुम्हना सरले आम्हना हातना च्या चालस नही, ते समजनं मले," त्या म्हणाल्या. "पन पोरी, तुले बी नही चालस?"

माझ्या हातातली कळशी भरून वाहायला लागली. नियम सांगावा, तर तो त्या वेळी मलाच खोटा वाटत होता. ज्यांच्या आज्यांना गावात पाणी वरून ओतून मिळालं, त्यांच्या दारात आम्ही आमचं पाणी बांधून घेऊन गेलो होतो. आणि ते आणणाऱ्यांत मी होते.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये जाऊन सरांना सगळं सांगितलं. सर तपासत होते तो पेपर तसाच राहिला. त्यांचा चेहरा एवढा उतरला की मलाच अपराध्यासारखं झालं.

"अगं, माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "डोक्यात यायची मला कधी गरजच पडली नाही. त्याची लाज वाटते."

रविवारी बालवाडीत शिरताच सरांनी सगळ्यांसमोर गयाबाईंकडे पाणी मागितलं, पेला रिकामा केला, नियमामागचं कारण सांगितलं आणि माफी मागितली. आम्हाला वाटलं, झालं, मिटलं. गयाबाईंनी पेला परत घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पाणी पिनात सर, चांगलं झायं. मतं मांगाले येतस त्या बी पेतस. तुम्हना घर आम्ही कव्हय येवानं, ते सांगा."

घरी कधी यायचं, यावर सर गप्प झाले. सरांच्या घरी त्यांच्या आई होत्या, सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती शांतता फार तर दोन-चार श्वासांची असेल, पण सर आजही म्हणतात की आयुष्यात एवढी लाज त्यांना दुसऱ्या कशाचीच वाटली नाही. मग सर बोलले. कॉलेजात आणि संस्थांत नेहमी पुस्तकी मराठी बोलणारे आमचे सर आपल्या घरच्या अहिराणीत म्हणाले, "येता रईवारले या. समद्या या."

त्या रविवारी गयाबाई, मंडळाच्या चार बायका आणि मी सरांच्या दोन खोल्यांच्या घरी गेलो. गयाबाईंनी लग्नकार्यातली साडी नेसली होती. सरांनी दारातच सांगून टाकलं, "आई आज मुद्दाम शेजारी जाऊन बसली आहे. मी तिला पटवू शकलो नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही." सरांच्या पत्नींनी पोहे केले होते. चहा मात्र सरांनी हट्टाने स्वतः केला.

पहिला घोट घेऊन गयाबाईंनी विचारलं, "साखर इसरनात का सर?"

सगळे हसले आणि घर जरा मोकळं झालं. बालवाडीच्या नव्या पत्र्यांवर, मुलांच्या खोडींवर बोलणं झालं. चहा संपला तशा गयाबाई बोलता बोलता उठल्या आणि कप घेऊन मोरीकडे निघाल्या. कप विसळून पालथा घालायला, गावात दुसऱ्यांच्या घरी घालावा लागायचा तसा. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांच्याही मनात काही नसावं. पाय आपोआप तिकडे वळले होते. सर झटकन मोरीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. "ठेवा बाई," एवढंच ते म्हणाले. गयाबाईंनी हातातल्या कपाकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि कप त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात सरांची नजर मोरीतल्या फळीवर गेली. तिथे एक कप आधीच धुऊन पालथा घातलेला होता. तो माझा होता. केव्हा उठले, केव्हा विसळला, मला कळलंही नव्हतं. वस्तीतली पहिली शिकलेली मुलगी म्हणून लोक जिचं नाव घ्यायचे, ती मी. सरांनी तो कप उचलला, सरळ केला आणि इतर उष्ट्या कपांमध्ये नेऊन ठेवला.

पुढच्या तुकडीपासून नियम बदलला. संस्थेच्या पैशाचा चहा नाही, पण माणसाने घरून आणलेला चहा नाकारायचा नाही, आणि वर्ष संपताना संस्थेतल्या माणसांना आपल्या घरी बोलवायचं. यावर काही मुलं गळाली. सर त्यांच्यावर रागावले नाहीत. "घरी जमत नसेल तर मला येऊन सांगा," ते म्हणायचे. "ती लाज माझ्या ओळखीची आहे." त्यांच्या आई शेवटपर्यंत बदलल्या नाहीत. सरांनी त्यांची सेवा केली आणि दर वर्षी चहाही केला.

सरांच्या शिफारसपत्रावर मला पहिली नोकरी लागली. शेठ पत्र वाचून हसले. "बालवाडीमां वळी शेनो अनुभव?" बालवाडीत कसला आलाय अनुभव, या प्रश्नाला सरांनी शिकवून ठेवलेलं उत्तर मी दिलं, की जिथे एक पावती धड नव्हती तिथला ताळेबंद मी जुळवला आहे. त्या अनुभवावर माझं घर उभं राहिलं. दुसरा अनुभव शेठना सांगण्यासारखा नव्हता. तो आज इथे सांगते आहे.

सर, आपल्याला निरोगी, कामात गुंतलेली पुष्कळ वर्षं मिळोत. आपल्या हातच्या चहात साखर विसरली जावो, आणि ती मागणारी माणसं आपल्या घरी येत राहोत. सत्कारानंतर सभागृहात चहापान आहे, असं निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे. गयाबाई आता थकल्या आहेत, त्यांना मी बरोबर घेऊन येणार आहे. आम्ही दोघी आपल्या शेजारी बसून चहा घेऊ. आणि सर, इतक्या वर्षांनंतरही माझा हात कपाकडे जाईल, तेव्हा आपण फक्त माझ्याकडे बघा. मी तो टेबलावर तसाच ठेवून उठेन.

— सुनंदा बैसाणे