ब्रेक सुकवताना

ब्रेकचं पायडल खाली गेलं आणि वर आलंच नाही. नवऱ्याने पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. दर वेळी ते जाऊन पत्र्याला टेकलं. जीप उतारावर होती, पुढे वळण होतं, आणि माझ्या बाजूला, डावीकडे, दरी होती. मागच्या बाकावरून माझा भाऊ ओरडला, "दाजी, हँडब्रेक वडा." हँडब्रेक नावापुरता होता. त्यात गिअरचं तेल झिरपून तो केव्हाच कामातून गेला होता. नवऱ्याने तरी ओढला. मग त्याने खालचा गिअर टाकायला बघितला. गिअर पडला नाही, नुसता करकरला, आणि जीप मोकळी सुटली. मी मागे वळून पाहिलं तर भावाने बाकाखालचा बाभळीचा ठोकळा उचलला होता.

"उतरू नको रं," मी म्हणाले.

तो मागून उतरला आणि ठोकळा पोटाशी धरून जीपच्या बरोबरीने पळायला लागला.

हे का झालं ते सांगते. लोकांना जे माहीत आहे ते अर्धं आहे.

आमचं घर पोशीरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. नवऱ्याची जीप जुनी, लष्कराने काढून टाकलेली. ती आधी एका ठेकेदाराकडे होती, त्याच्याकडून आमच्याकडे आली. वर पठारावर वाडी होती. तिथल्या लोकांना बाजाराच्या दिवशी कर्जतला न्यायचं, परत येताना त्यांचं रेशन, पत्रे, घासलेट वर पोचवायचं, हा आमचा धंदा. मी पुढच्या सीटवर बसायचे. माणसं चढवणं, टोपल्या लावणं, उतारावर उभं राहावं लागलं तर चाकाला ठोकळा लावणं, हे माझ्याकडे.

वाडीच्या खाली एक ओढा आडवा येतो. ओढ्याच्या अलीकडे थोडी सपाटी आणि मग सगळा उतार. जुन्या जीपला चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. ड्रम म्हणजे लोखंडी डबा. पायडल दाबलं की आतले लायनर डब्याला घासतात आणि चाक थांबतं. ओढ्यातून गेलं की डब्यात पाणी शिरतं, लायनर भिजतो आणि ब्रेक लागत नाही. म्हणून आमच्याकडचे सगळे जीपवाले पाण्यातून निघाले की पायडलवर हलका पाय ठेवूनच सपाटी पार करायचे. घासून घासून लायनर तापतो, पाणी उडतं आणि जळका वास येतो. वास आला म्हणजे ब्रेक सुकले. मग पाय काढायचा आणि उतारावर गाडी घालायची.

वास घ्यायचं काम माझं. नवरा बिड्या ओढायचा, त्याला वास कळत नव्हता. मी बाहेर डोकं काढून बसायचे. तो विचारायचा, "आला का गं?" मी म्हणायचे, "अजून नाय." आला की सांगायचे, "आला, काढा पाय." मी सांगितल्याशिवाय त्याने कधी पाय काढला नाही. बाकी घरात त्याने माझं एक ऐकलं नसेल.

पावसाळ्यात मागच्या ड्रमांत पाण्याबरोबर लाल चिखल जायचा. तो आत वाळून बसायचा आणि लायनर खाऊन टाकायचा. एका वर्षी दहिवलीच्या वळणावर ब्रेक लागलाच नाही आणि जीप उभ्या बैलगाडीवर गेली. बैल सोडलेले होते, म्हणून नुसतं जू मोडलं. त्या दिवशी मागे नऊ माणसं होती. मी घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले, "ह्याचं काय तरी करा, नायतर मी बसणार नाय."

"मग बस घरी," तो म्हणाला.

मी भावाकडे गेले. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, खालापूरला त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा, पण हात चांगला होता. तेव्हा रस्त्यावर नव्या छोट्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. त्यांच्या पुढच्या चाकांना ड्रम नसून डिस्क असायची. चाकाबरोबर फिरणारी लोखंडाची उघडी थाळी, आणि तिला दोन्हीकडून चिमटा. उघडी असल्यामुळे तिच्यात चिखल साठत नाही आणि पाणी फिरता फिरता उडून जातं. भावाच्या डोक्यात हे कधीचं होतं. तो म्हणाला, "ताई, मागं डिस्क बसवतो. चिखलाची कटकटच मिटली."

त्याने मुंबईच्या भंगार बाजारातून एका मोडलेल्या परदेशी गाडीच्या डिस्का आणि चिमटे आणले. आमच्या अंगणात जीप दगडांवर चढवली, मागची चाकं काढली, ड्रम काढले. ड्रममधून पाटीभर माती निघाली. डिस्क जीपच्या चाकाला नीट बसत नव्हती, ती खोपोलीला लेथवर नेऊन आतून कातून आणली. चिमटा धरायला जाड लोखंडाची प्लेट कापून घेतली, तिला भोकं पाडली. दोनदा भोकं चुकली, दोनदा नवी प्लेट केली. चार दिवस हे चाललं होतं. नवरा ओट्यावर बसून बघायचा.

"मेस्त्री, म्हातारीला परदेशी कवळी बसवतो का रं?"

"बसवतो. मग बगा कशी चावते ती."

"चावंल. मलाच चावंल."

शेवटच्या दिवशी नळ्यांमधली हवा काढायची होती. ब्रेकचं तेल नळीतून जातं, त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर पायडल पोकळ लागतं. भाऊ गाडीखाली आडवा झाला आणि मला वर बसवलं.

"ताई, दाब. धर. सोडू नको. आता सोड."

तासभर मी दाबत होते आणि सोडत होते. पहिल्यांदा पायडल चिखलात पाय घातल्यासारखं लागत होतं, मग घट्ट घट्ट होत गेलं.

"हलकं दाब, ताई. मोट वडतीस का काय?"

"तिचा पाय जडच हाय," नवरा ओट्यावरून म्हणाला. "मला इचार."

काम झाल्यावर भावाने हात पुसले आणि आम्हा दोघांना जीपपाशी उभं केलं. म्हणाला, "दाजी, एक ध्यानात ठेवा. आता सुकवायचं नाय. पाण्यातून आलात तरी नाय. पुढचे ड्रम भिजले तरी मागची थाळी गाडी धरंल. ही थाळी आपली आपण सुकती. तुमी पाय ठेवून चालवलात तर ही ड्रमापेक्षा लवकर तापंल. चिमट्यातलं तेल उकळंल, त्याची वाफ होईल. मग पायडल नुसतं खाली जाईल, मागचं नाय आन् पुढचं पण नाय. सगळं एकाच नळीवर हाय."

"बरं," नवरा म्हणाला.

"ताई, तू पण ऐकलंस ना?"

"ऐकलं."

मी ऐकलं होतं. कळलंही होतं. तेव्हा मला कळलं नव्हतं असं मी आता म्हणणार नाही.

पहिले आठ-दहा दिवस कर्जतच्या रस्त्यावर जीप अशी थांबायची की मागची माणसं पुढे पडायची. नवरा खूश होता. मग आश्विनात ओढ्याचं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत उतरलं आणि वाडीचा रस्ता चालू झाला. पहिल्या फेरीला भाऊ मुद्दाम आला. त्याला पाण्यातून गेल्यावर आपलं काम कसं वागतं ते बघायचं होतं. वर जाताना काही झालं नाही. वाडीवरून दोघी बाया बसल्या, सासू आणि सून, काकड्यांच्या टोपल्या घेऊन. भाऊ त्यांच्याबरोबर मागे बसला.

ओढा ओलांडला. नवऱ्याने पाय पायडलवर ठेवला. मी बघितलं. इतक्या वर्षांचा पाय होता, तो आपोआप गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आला का गं?"

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, काढा पाय, आता सुकवायचं नाही. भावाचे शब्द माझ्या डोक्यात होते. पण पुढे तो उतार दिसत होता. तो वास घेतल्याशिवाय मी त्या उतारावर कधी गेले नव्हते. नवी थाळी खरी की वास खरा, असं मनात आलं. मी बाहेर डोकं काढलं आणि म्हणाले, "अजून नाय."

सपाटी संपली. जीप उताराला लागली. "आला?" "नाय." त्याने पाय तसाच ठेवला. पूर्वी सपाटीवर सावकाश चालायचो, वास पुढे यायचा. आता जीप वेगात होती आणि वास मागे जात होता. तो मागे बसलेल्यांना आला. आमच्या पाठीमागे भाऊ काकडी खात होता. त्याने तोंडातली काकडी थुंकली आणि ओरडला, "कसला वास येतोय? पाय काढा दाजी, पाय काढा."

तेवढ्यात पायडल खाली गेलं.

भावाने ठोकळा मागच्या चाकापुढे टाकला. चाक त्याच्यावर चढलं, जीप उसळली आणि ठोकळा उडून गेला. भावाचा उजवा हात त्याच्याबरोबर चाकाखाली गेला. ठोकळ्यामुळे जीप थोडी आडवी झाली. नवऱ्याने ती उजवीकडे, डोंगराच्या अंगावर घातली. लोक म्हणतात, बायको दरीच्या बाजूला होती म्हणून त्याने आपली बाजू दगडावर घातली. दरीत कोण घालेल? मी असते तर मीही तेच केलं असतं. उजवी बाजू खडकावर बसली आणि स्टिअरिंग त्याच्या छातीत गेलं. तो थोडा वेळ बोलत होता. काकड्या गोळा करायला सांगत होता, टोपली रिकामी दिसली तर बाया भांडतील म्हणून. मग बोलायचा थांबला.

तालुक्याला जबाब द्यायला गेले. पोलिसांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, ब्रेक गेला. जीप कुणी दुरुस्त केली होती? मी म्हणाले, माझ्या भावाने. दोन्ही खरं होतं. तिसरं कुणी विचारलं नाही.

सासरी दिवसकार्याला भाऊ आला, हात गळ्यात बांधलेला. त्याला पाहून दीर ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "असा भाऊ असल्यावर वैरी कशाला पायजे." माझ्या सासूने त्याला पाणी दिलं नाही. मीही उठले नाही. तो अंगणात उभा राहिला आणि गेला.

महिन्याने तो पुन्हा आला, घरी नाही, अंगणाच्या कडेला जीप ओढून आणून टाकली होती तिथे. डाव्या हाताने नट सोडवत होता. मी गोठ्यातून आले. त्याने मागची डिस्क उतरवून उन्हात धरली होती. ती कडेने निळी झाली होती, भट्टीत तापून निघालेलं लोखंड होतं तशी.

"ताई, ही आपोआप अशी होत नाय," तो म्हणाला. "पाय ठेवल्याशिवाय होत नाय. दाजींचा पाय पायडलवर होता का गं?"

मी म्हणाले, "मी नाय बघितला."

"तू बाजूला होतीस."

"मी बाहेर बघत होते."

त्याने थाळी उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "मग चिमटा अडकला आसंल. प्लेटची भोकं मी दोनदा चुकवली होती. तिसऱ्यांदा पण चुकली आसतील." त्याने ती थाळी तिथेच गवतात ठेवली.

मी खरं का नाही सांगितलं? पाय होता म्हटलं असतं तर पुढचं विचारलं असतं: का होता, कुणी ठेवायला सांगितला. मला त्याच घरात राहायचं होतं, त्याच सासूच्या हाताखाली, त्याच दिराच्या शेतात. एका बाजूला माझं राहणं होतं आणि दुसऱ्या बाजूला त्याचं नाव. मी माझं राहणं निवडलं. हे मी विचार करून केलं, घाबरून नाही.

त्याचा हात बरा झाला, दोन बोटं वाकडी राहिली. त्या हाताने तो पाना धरू शकत होता. पण ब्रेकचं काम त्याने परत केलं नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, ब्रेकला दुसरीकडे जा. गिऱ्हाइकांना ते कळून चुकलं आणि ती इतर कामालाही येईनाशी झाली. दोन वर्षांत त्याने पत्रे काढले आणि एका कारखान्यात गेटवर बसायला लागला. कुठल्याच जीपमध्ये बसायचा नाही, पायी जायचा. माझ्याकडे भाऊबीजेला यायचा. दिराला बरं वाटत नसे, म्हणून मी त्याला मागच्या दाराने घ्यायचे आणि परसात ओवाळायचे. तो आरतीच्या ताटात ओवाळणी टाकायचा, जीपचा विषय कधी काढायचा नाही. मीही दर वर्षी ठरवायचे की आज सांगू, आणि दर वर्षी त्याला जेवायला वाढायचे.

सासू गेली, दीर गेला. तेव्हा सांगता आलं असतं. तोपर्यंत मला न सांगण्याची सवय झाली होती. मग भाऊ आजारी पडला, कर्जतच्या दवाखान्यात मी त्याच्याजवळ आठ दिवस होते, आणि तो गेला. त्या आठ दिवसांतही मी सांगितलं नाही.

जीपमध्ये आम्ही पाच जण होतो. वाडीवरची सासू, तिची सून, माझा भाऊ आणि मी वाचलो. नवरा वाचला नाही.